उजव्या हाताची गोधडी

धाकटी लग्न होऊन घरात आली त्याला आठवडाही झाला नव्हता. दिराच्या सदऱ्याची बाही उसवली होती. काम करून दाखवायची नव्या सुनेला घाई असतेच. तिने कोनाड्यातली सुई घेतली, ओसरीच्या कडेला पाय सोडून बसली आणि बाही शिवायला लागली. म्हातारी पाणी पीत होती. तिने सुनेकडे पाहिलं आणि हातातला तांब्या खाली फरशीवर ठेवला.

"कुठल्या हातानं शिवतेस गं?"

धाकटीने आपल्या हाताकडे पाहिलं. आपण कुठल्या हाताने शिवतो हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिची आई डावरी, आजी डावरी. माहेरी सगळ्या बायकांचे टाके एकाच बाजूला कलायचे आणि ते सरळच वाटायचे.

"डाव्या," ती म्हणाली.

"आमच्यात नाही चालत."

म्हातारीने भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. जुन्या चादरीच्या काठाची बोटभर रुंद पट्टी फाडली, सुनेचा डावा अंगठा तळव्यात दुमडला आणि पट्टीने चार वेढे देऊन बांधून टाकला. "शिवायला बसलीस की ही बांधायची. महिन्यात सवय सुटेल. उलट्या हाताचं कपडालत्त्यात गेलं की घराला लागतं."

महिन्याची सहा वर्षं झाली. पट्टी धुऊन धुऊन मऊ पडली. पुढे पुढे धाकटी ती स्वतःच बांधायला लागली, उजव्या हाताने आणि दातांनी. उजवा हात मात्र काही शिकला नाही. सुई कुठे घालायची ते त्याला कळायचं, किती घालायची ते कळायचं नाही. एक टाका गव्हाएवढा, पुढचा करंगळीएवढा, मध्येच दोरा आवळून कापडाला चुण्या. म्हातारी ते शिवण उन्हात धरून शेजारच्या गिरणीवालीला दाखवायची. "कोंबडी चालून गेली की काय बघ कापडावरनं." गिरणीवाली हसून हसून पिठात खोकायची. तिथून पुढे गल्लीत धाकटीचं नावच कोंबडी पडलं. पाण्याला निघाली की भिंतीपलीकडून विचारणा व्हायची, "काय कोंबडे, आज काय उकरलंस?"

ती हसून पुढे जायची. हसायला तिला कुठल्याच हाताची गरज नव्हती.

धान्याच्या खोलीत मात्र वेगळा कारभार होता. ती खोली मागच्या अंगाला, एक झरोका, पोत्यांची थप्पी. म्हातारी दुपारी गिरणीवालीकडे गप्पा छाटायला गेली की धाकटी तिथे शिरायची, दार लोटून पट्टी सोडायची. अंगठा आधी बधिर असायचा, मग त्यात मुंग्या यायच्या. मुंग्या थांबल्या की ती फाटका सदरा, परकर, उशीचा अभ्रा, हाताला लागेल ते शिवायची. ते टाके तिने कुणाला दाखवले नाहीत. शिवून झालं की उसवून टाकायची आणि बाहेर येऊन तेच कापड उजव्या हाताने पुन्हा शिवायची. सहा वर्षांत त्या घरातलं प्रत्येक फाटकं कापड दोनदा शिवलं गेलं, आणि कापडावर राहिलं ते वाईटच.

त्या वर्षी कालव्याचं पाणी बंद झालं. वर कुठेतरी भिंत खचली होती आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी सोडणार नव्हते. शेतं तापून भेगाळली. थोरला दीर दिवसभर अंगणात बसून खोऱ्याचा दांडा तासायचा. घरात खोरं एकच, पण त्याने त्या उन्हाळ्यात त्याला तीन दांडे बसवले. धाकटीचा नवरा दुरुस्तीच्या कामावर दगड उचलायला जाई आणि खांद्याचं साल काढून घरी येई. म्हातारीला सांगायला नवं काही उरलं नव्हतं, म्हणून ती जुनंच जास्त वेळा सांगायची.

अशात एक दिवस शहरातून दुकानवाली आली. जीपमधून उतरली, डोळ्यांवर चष्मा, हातात कापडाचे गठ्ठे. तिला हाताने शिवलेल्या गोधड्या हव्या होत्या. मशीनचा एक टाका दिसला तर गोधडी परत, असं तिने आधीच बजावलं. पांढऱ्या कापडावर पानाच्या आकाराचे रंगीत तुकडे, कडा नखाने आत दुमडून बारीक तिरप्या टाक्यांनी बसवायचे. एका गोधडीवर एकशेसाठ पानं. मग खाली जुन्या मऊ कापडाचे थर घालून सगळं मिळून धावदोऱ्याने भरायचं.

"दोन महिन्यांनी येईन," ती म्हणाली. "कालव्यावरची चौकी मी मागून घेतलीय. तिथं शिवणाची खोली काढायची आहे. दहाबारा बायका बसतील. जिचा हात सगळ्यात साफ, ती त्यांच्यावर राहील. बाकीच्यांना शिकवेल. कायमचं काम आहे."

आठ घरांनी गठ्ठे घेतले. या घरातला गठ्ठा म्हातारीने थोरल्या सुनेच्या मांडीवर ठेवला. धाकटीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही, आणि पाहिलं असतं तर हसलं असतं.

थोरली कामाला वाईट नव्हती. अठरा वर्षं त्या घराचं पाणी, चूल, गोठा आणि सासू तिनेच ओढली होती. हात बरा होता, पण मनगटं सुजायची. चार दिवसांत सहा पानं झाली, सातव्या पानाची कड तीनदा उसवून तिची दशी निघाली, तेव्हा तिने ते भिरकावून दिलं. धाकटीने केर काढताना उचललं.

दुसऱ्या दिवशी थोरली डाळ काढायला धान्याच्या खोलीत गेली. पोत्यांच्या आड धाकटी भिंतीला टेकून बसली होती. पट्टी गुडघ्यावर सोडलेली. डाव्या हातातली सुई पानाच्या कडेवरून अशी चालली होती की थोरली डाळ विसरून उभीच राहिली. दशी निघालेली कड आत गेली होती. टाके तिळाएवढे, सगळे एका मापाचे, सगळे एका बाजूला कललेले.

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"आधीपासूनच."

"आणि बाहेर ते कोंबडीचं?"

"बाहेर पट्टी असते ना, ताई."

थोरली पोत्यावर बसली. तिने ते पान हातात घेतलं, नख लावून पाहिलं, उलटून पाहिलं. मग दार नीट लावून घेतलं.

त्या दिवसापासून ठरल्यासारखं झालं. धाकटीच्या वाटचं पाणी थोरली भरायची, भांडी थोरली घासायची. "तिच्या कमरेत उसण भरलीय," असं म्हातारीला सांगायची. धाकटी आत पानं बसवायची. थोरली ओसरीवर एक पान मांडीवर घेऊन बसायची आणि म्हातारी मागच्या अंगाला वळली की खोकायची. खोकला ऐकला की आत पट्टी चढायची, पान पोत्याखाली जायचं आणि उजव्या हातात एखादं पायपुसणं यायचं. महिन्याभरात थोरलीला खोटं खोकता खोकता खरा खोकला लागला. दोघी त्यावर आत तोंड दाबून हसल्या. सहा वर्षांत दोघी मिळून हसल्या ते तेवढंच.

पानं तयार झाली तशी म्हातारी थोरलीचं कौतुक करायला लागली. गिरणीवालीला बोलावून दाखवायची. "माझ्या हाताखाली शिकलीय. नाहीतर दुसरी बघ." दुसरी तिथेच बसून उजव्या हाताने पायपुसणं शिवत असायची. थोरली मान खाली घालून ऐकून घ्यायची. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण कौतुक माणसाच्या अंगी लागतं. पंधरा दिवसांनी तिची मान तितकीशी खाली राहिली नाही.

धाकटीला मात्र कौतुकाचं काही वाटत नव्हतं. तिचा जीव चौकीत अडकला होता. धुणं घेऊन कालव्यावर गेली, कोरड्या कालव्यात डबकं होतं तिथे, की ती येताना चौकीपाशी थांबायची. एकच खोली, चुना उडालेला, कुलपाला गंज. खिडकीच्या गजातून आत डोकावलं की दिसायचं, दुसरी खिडकी उजव्या हाताला आहे. डाव्या हाताने शिवणाऱ्याला उजेड उजवीकडून लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली टाक्यावर पडते. धान्याच्या खोलीतला झरोका डावीकडे होता, आणि पोत्यांमुळे उलटं बसायला जागा नव्हती. सहा वर्षं ती आपल्याच सावलीत शिवत होती. इथे त्या खिडकीखाली बसायचं, दार सताड उघडं ठेवायचं, समोर दहा बायका, आणि सासूबाई अर्धा कोस लांब. तिला बाकी काही नको होतं. पैसे घरात देऊन टाकले असते तरी तिची हरकत नव्हती.

गोधडी भरत आली तेव्हा तिने विषय काढला. एकशेसाठातली एकशेदहा पानं तिची होती.

"ताई, ती आली की सांगाल ना?"

"काय?"

"एवढी बाजू माझी आहे ते."

थोरली दोऱ्याला मेण लावत होती. "सांगू की. तेव्हाचं तेव्हा बघू."

धाकटीला ते पुरलं. विश्वास ठेवायची सवय असली की माणसाला फार थोडं पुरतं, आणि तिचं चुकलं ते तिथेच.

दुकानवाली सांगितल्या दिवशी आली. ओसरीवर सतरंजी पसरली होती. आठ घरांच्या आठ गोधड्या आणि त्यांच्याबरोबर आठ घरांच्या बायका. गिरणीवाली काम टाकून आली होती, केसात पीठ तसंच. थोरल्याने नवा दांडा बसवलेलं खोरं भिंतीला टेकवलं आणि तोही कोपऱ्यात उभा राहिला. धाकटी दाराच्या आत होती. म्हातारी खांबाला टेकून, पाण्याचा तांब्या हातात.

दुकानवालीने सात गोधड्या भराभर पाहिल्या. दोन ठेवल्या, पाच परत केल्या. परत मिळालेल्या बायकांनी त्या घडी न घालताच काखेत मारल्या. आठवी उघडली आणि ती बोलायची थांबली. सतरंजीवर गुडघे टेकून तिने चष्मा कपाळावर चढवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरं, मग तिसरं.

"कुणाची?"

"माझ्या थोरल्या सुनेची," म्हातारी म्हणाली.

दुकानवाली बोट फिरवत या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. परत आली. "ही दोघींची आहे."

बायका गोधडीवर वाकल्या.

"इथपर्यंत टाका या बाजूला कललाय. इथून पुढं उलटा. एका माणसाचा असा पडत नाही. कमी पानं आहेत ती बाजू चांगली आहे. पण जास्त आहेत ती..." तिने वाक्य सोडून दिलं. "डावरं कोण आहे घरात?"

"आमच्या घरात कुणी डावरं नाही," म्हातारी म्हणाली.

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली सतरंजीचा दोरा उपटत होती. धाकटीने एक श्वास पाहिली वाट, दोन श्वास, तीन. मग ती दारातून बाहेर आली.

"मी आहे," ती म्हणाली.

गिरणीवालीच्या तोंडून नुसतं "कोंबडी?" एवढंच निघालं आणि बायकांत हसू पसरलं. दुकानवाली हसली नाही. तिने पिशवीतून एक सुटं पान आणि कापडाचा चौकोन काढला, सुईत दोरा ओवून पुढे केला. "बस. चार टाके घालून दाखव."

धाकटी बसली. मांडीवर कापड घेतलं. पान ठेवलं, नखाने कड दुमडली, तिथपर्यंत सगळं बरोबर होतं. डावा हात सुईकडे निघाला.

खांबापाशी म्हातारीने हातातला तांब्या खाली फरशीवर ठेवला. मोठा आवाज झाला नाही. पितळ दगडाला लागतं तेवढाच झाला.

डावा अंगठा आपोआप तळव्यात दुमडला. पट्टी नव्हती, तरी दुमडला. मूठ वळली आणि हात मांडीखाली जाऊन बसला. धाकटीला कळत होतं. ती त्याला मनात म्हणत होती, ऊठ बाबा, आजच्या दिवस ऊठ. तो उठला नाही. सुई उजव्या हाताने घेतली. समोर सासू होती, आणि सासूसमोर डावा हात सहा वर्षांत कधी शिवला नव्हता. पहिला टाका गव्हाएवढा पडला, दुसरा करंगळीएवढा. तिसऱ्याला दोरा आवळला आणि पान चुणीवर उभं राहिलं. चौथा टाका घालून तिने कापड खाली ठेवलं. गळ्याला घामाची धार लागली होती.

"बघा," गिरणीवाली म्हणाली, आणि यावेळी बायका उघड हसल्या.

दुकानवालीने ते कापड उचललं. तिला काहीतरी चुकतंय असं वाटलं असावं, कारण ती एकदा धाकटीच्या मांडीकडे आणि एकदा गोधडीकडे पाहत राहिली. पण तिला अजून दोन गावं करायची होती. "हे तर उजव्या हाताचं आहे," ती म्हणाली. "मग त्या बाजूचे टाके कुणाचे?"

आता थोरलीने मान वर केली. अजूनही ती बोलू शकली असती. डाव्या हाताने घाल गं, एवढे चार शब्द. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"माझी बहीण आली होती मदतीला," थोरली म्हणाली. "ती डावरी आहे."

"मग तिला बोलावून घे. मला अशाच आणखी दोन हव्यात, महिन्याच्या आत. हाच टाका हवा, बरं का." दुकानवालीने चौकीची किल्ली काढून थोरलीच्या हातात दिली. "खोली तू बघ."

म्हातारीने तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी प्यायली.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तोवर त्याला गल्लीच्या तोंडावरच सगळं समजलं होतं. तो ओसरीवर पालथा पडला. धाकटी खांद्याला तेल लावायला बसली.

"कशाला तोंड उघडायचं होतं?" तो म्हणाला. "हसले ना लोक? आता उद्या मुकादमसुद्धा मला विचारेल, कोंबडी कशी आहे."

"खरं ते सांगितलं."

"खरं सांगून काय मिळालं?"

तिने वाटीतलं आणखी तेल घेतलं. तो जरा हलला आणि म्हणाला, "तो नको. दुसरा हात लाव, त्यात जोर आहे."

तिने डावा हात लावला. या घरात तो हात अंगाला चालायचा, ओझ्याला चालायचा, शेणाला चालायचा. फक्त कापडाला चालत नव्हता. तेल चोळता चोळता तिला इतकी चीड आली की नवरा कण्हला, पण हात काढ म्हणाला नाही.

दोन दिवस थोरली तिच्यासमोर उभी राहिली नाही. पाणी भरून ठेवायची, भांडी घासून ठेवायची, न सांगता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती नवा गठ्ठा घेऊन धान्याच्या खोलीच्या दारात आली. कमरेला चौकीची किल्ली होती.

"मला बोलताच आलं नाही गं," ती म्हणाली. "अठरा वर्षांत कुणी मला किल्ली दिली नाही कसली. तू समजून घे. नाव माझं असू दे, काम तुझं. मिळेल त्यातलं अर्धं तुझ्या हातात ठेवीन."

"चौकीत बसून करू?"

थोरलीने किल्ली मुठीत धरली. "तिथं बायका येणार. त्यांच्यासमोर कसं? इथंच कर. इथं कुणी येत नाही."

धाकटी काही बोलणार तोवर मागून म्हातारी आली. तिने थोरलीच्या हातातला गठ्ठा घेतला, पोत्यावर ठेवला, झरोक्याखालची जागा पायाने साफ केली.

"दार लावून घे," ती धाकटीला म्हणाली. "मी बाहेर बसते, कुणाला आत सोडत नाही. दुपारपर्यंत तुला दुसरं काही काम सांगणार नाही. पट्टी सोड आणि कर तुझं."

धाकटी म्हातारीकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय डोळे नाहीत? थोरली कधी खोकते, का खोकते, एवढं कळायला किती अक्कल लागते?" म्हातारी सहज म्हणाली, डाळीत खडे आहेत म्हणावं तसं. "आत बसून काय करायचं ते कर. चार लोकांत मला शोभा नको होती."

म्हणजे तांब्या ठेवला तेव्हाही माहीत होतं. सहा वर्षं तिला वाटायचं, सासूला दिसत नाही म्हणून ती तशी वागते. दिसलं की बदलेल, एवढ्या एका आशेवर तिने प्रत्येक फाटकं कापड दोनदा शिवलं होतं.

तिने गठ्ठा उचलला. खुंटीवरची पट्टी घेतली. दोघींच्या मधून वाट काढत ती बाहेर आली, ओसरी उतरली आणि अंगणात मधोमध, जिथे गल्लीतून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी बसली. डावा अंगठा दुमडला. पट्टीचे चार वेढे दिले, दाताने गाठ ओढली. पांढरं कापड मांडीवर पसरलं, पहिलं पान ठेवलं आणि उजव्या हाताने शिवायला सुरुवात केली.

"हे काय करतेस?" थोरली धावत आली.

"शिवतेय."

"असं? हे टाके घेईल का ती?"

"आईंनी शिकवलं तसंच शिवतेय, ताई. माझ्या घरात दुसरा हात चालत नाही."

गव्हाएवढा टाका, करंगळीएवढा टाका. पान वाकडं बसलं. तिने दुसरं घेतलं. ऊन डोक्यावर आलं तरी ती हलली नाही. गिरणीवाली भिंतीवरून डोकावली, "काय कोंबडे, अंगणात?" म्हणाली, आणि नेहमीसारखं उत्तर आलं नाही तसं तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. थोरल्याने खोरं खाली ठेवलं आणि तो घरात निघून गेला. संध्याकाळपर्यंत अकरा पानं झाली. एकही सरळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सोपं नव्हतं ते. वाकडा टाका तिला बघवत नसे. आजवर तो हाताच्या नाइलाजाने पडायचा, आता ती स्वतः पाडत होती. नवं कोरं कापड, इतके सुंदर रंग, आणि आपण ते नासवतोय, या विचाराने तिचे डोळे भरून यायचे. मग पुढचा टाका आणखी वाकडा जायचा. पट्टीखाली अंगठा ठणकत होता. त्याला सुई हवी होती. तिने दिली नाही.

चौथ्या दिवशी थोरली तिच्यासमोर जमिनीवरच बसली. अंगातलं पाणी गेल्यासारखी दिसत होती. "माझी जागा जाईल गं," ती म्हणाली.

"जाईल."

"तुलाही काही मिळायचं नाही."

"नाही मिळणार."

"मग?"

धाकटीने दोरा तोडला. "बहिणीला बोलवा. ती डावरी आहे ना?"

थोरलीने किल्ली कमरेची काढली, हातात धरून बसली, आणि रडायला लागली. धाकटीला तिची कीव आली. आली तरी हात थांबला नाही.

म्हातारी चारही दिवस ओसरीवरून बघत होती. आधी पुटपुटली, मग गप्प झाली, मग तिचं जेवणावरचं मन उडालं. महिन्यातला एक आठवडा असाच गेला होता. दोन गोधड्या नासल्या की किल्ली जाणार हे तिलाही कळत होतं. कालवा अजून कोरडाच होता. ती खांब धरून उठली, पायऱ्या उतरली आणि धाकटीच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. तिची सावली कापडावर पडली.

"हात बदल," ती हळूच म्हणाली.

धाकटीने मान वर केली नाही. "काय म्हणालात?"

"हात बदल म्हटलं."

"कुठला घेऊ?"

भिंतीवर गिरणीवाली आली होती. तिच्या बाजूला आणखी दोघी. गल्लीत पाण्याला निघालेली एकजण घागर कमरेवर घेऊन थांबली होती. म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगा ना आई," धाकटी म्हणाली. "जरा मोठ्यानं सांगा. तुम्ही म्हणाल त्या हातानं शिवते. कुठला घेऊ?"

तिने सुई कापडावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले, एक मोकळा, एक बांधलेला. म्हातारीचे ओठ हलले. नुसतं डावा म्हणायचं होतं. एवढंच ऐकायला धाकटी सहा वर्षं थांबली होती. चौकीची खिडकी, उजव्या बाजूचा उजेड, सगळं त्या एका शब्दापलीकडे होतं.

म्हातारीने भिंतीकडे पाहिलं, घागरवालीकडे पाहिलं. मग ती वळली. एकेक पायरी चढून वर गेली आणि खांबाला टेकून बसली. तांब्या तिच्या हाताशी होता, पण तिने तो उचलला नाही.

धाकटी थोडा वेळ हात तसेच धरून बसली. मग तिने पट्टीची सैल झालेली गाठ दाताने पुन्हा आवळली, पुढचं पान घेतलं आणि उजव्या हाताने पहिला टाका घातला.